झोपेच्या गोळीची सवय सोडवायला डिप्रेशनची गोळी देतात, ती खरंच चालते का?

जानेवारी-फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यात रात्री उशिरा फिरलात, तर द्राक्षबागांमधून बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतील. कुणाला रात्रीच्या लाईटवर पाणी भरायचं असतं. कुणी थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत असतो. त्यात बिबट्याची भीती, अवकाळीचा अंदाज आणि माल घेऊन गेलेला व्यापारी पैसे देईल की नाही याची धाकधूक. बागायतदाराची झोप उडायला वेगळं कारण लागत नाही.

एक उदाहरण डोळ्यासमोर आणा. हे कुणा एकाचं नाही, पण ऐकल्यावर तुम्हाला ओळखीचं कुणीतरी आठवेल.

पंचावन्न वर्षांचे एक काका. तीन वर्षांपूर्वी गारपिटीत बाग गेली, कर्ज अंगावर आलं आणि झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. झोप लागली. पंधरा दिवस संपले, पण गोळी काही संपली नाही. जुनी चिठ्ठी दाखवून, पुढे तर न दाखवताही, मेडिकलमधून ती येत राहिली. आता एका गोळीने भागत नाही, दोन लागतात.

शेवटी मुलगा त्यांना नाशिकला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि सांगितलं, "झोपेची गोळी हळूहळू कमी करायची." काकांनी घरी येऊन सोयीचा अर्थ काढला. नवीन गोळी आली म्हणजे जुनी बंद. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घाम फुटला, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. घरच्यांनी निदान केलं, "नवीन गोळी बाधली." नवीन गोळी कचऱ्यात गेली, जुनी परत उशाशी आली.

सगळा घोळ या तीन रात्रींमध्येच आहे. काकांना नवीन गोळी बाधलीच नव्हती. जुनी गोळी एकदम तोडल्याचा तो त्रास होता. पण हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं.

त्यामुळे आज हेच समजून घेऊ. झोपेच्या गोळीची सवय सोडवताना डिप्रेशनची गोळी का देतात, ती कितपत चालते आणि नेमकी कुठे फसते?

आधी बघू, झोपेची गोळी डोक्यात काय करते

आपल्याकडे झोपेची गोळी म्हणून जे दिलं जातं त्यात मुख्यतः दोन घराणी येतात. पहिलं बेंझोडायझेपिन. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी या घराण्यातली. कामपोज हे नाव घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, ते म्हणजे डायझेपाम. दुसऱ्या घराण्यात झोल्पिडेमसारखी औषधं येतात. त्यांची रचना वेगळी असली तरी काम साधारण त्याच जागी चालतं.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. गाडीला ब्रेक असतो तसा मेंदूचा हा ब्रेक. पेशींची धावपळ तो कमी करतो. ही औषधं तो ब्रेक जास्त जोरात लागायला मदत करतात. म्हणून भीती कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते.

पण रोज बाहेरून ब्रेकला जोर मिळायला लागला की मेंदू स्वतःचा जोर कमी करतो. काही आठवड्यांतच त्याच गोळीचा परिणाम कमी वाटायला लागतो. आणि एक दिवस गोळी अचानक बंद केली, तर बाहेरचा जोर गेलेला असतो आणि आतला अजून परतलेला नसतो. मेंदू ब्रेकशिवाय सुसाट सुटतो. थरथर, घाम, धडधड, चिडचिड, आवाज-उजेड सहन न होणं आणि आधीपेक्षाही वाईट निद्रानाश. जास्त डोस बराच काळ घेणाऱ्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा फिटमध्ये जीवही जाऊ शकतो.

आता घरातला माणूस म्हणतो, "बघा, गोळी सोडली की झोप येत नाही, म्हणजे मला गोळीची गरज आहे." खरं तर ती रात्र मूळ आजाराची नसते. ती गोळी तोडल्याची रात्र असते. पण रात्री दोन वाजता हा फरक कोण करत बसणार?

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किरकोळ?

'अर्धा मिलिग्रॅम' ऐकलं की ते औषध हलकं वाटतं. इथे इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांचं काम बघावं लागतं. 1982 ते 1994 अशी बारा वर्षं त्यांनी फक्त या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला आणि त्या अनुभवातून एक पुस्तिका लिहिली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यांच्या तक्त्यानुसार अल्प्राझोलामचा अर्धा मिलिग्रॅम साधारण डायझेपामच्या 10 मिलिग्रॅमच्या बरोबरीचा. म्हणजे मिलिग्रॅमच्या आकड्यावर गोळीची ताकद मोजायची नसते.

दुसरी गोष्ट, अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं. त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेतच बेचैनी सुरू होऊ शकते. डायझेपाम मात्र कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणून काही डॉक्टर आधी रुग्णाला डायझेपामवर आणतात आणि मग ते उतरवतात. ॲश्टन यांची पद्धत हीच होती.

हे धोके माहीत नव्हते का?

होते, आणि फार लवकर माहीत झाले होते.

या घराण्यातलं पहिलं औषध क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये बाजारात आलं आणि डायझेपाम 1963 मध्ये. ही दोन्ही औषधं रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून आली. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जरा जास्त झाल्या तरी माणूस दगावायचा. त्या मानाने ही नवीन औषधं सुरक्षित वाटली आणि जगभर खपली. पण 1961 मध्येच एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं, की मोठा डोस एकदम बंद केला तर त्रास होतो आणि फिटही येते.

तरी ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने 'दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका' असं स्पष्ट सांगायला 1988 उजाडलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सवय आणि ती तुटतानाचा त्रास यांचा सर्वात कडक, चौकटीतला इशारा या औषधांवर छापायला लावला तो सप्टेंबर 2020 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, झोल्पिडेमसारख्या औषधांवरही असा इशारा आला होता. कारण काही लोक झोपेतच चालायला लागायचे, गाडी चालवायचे आणि सकाळी त्यांना काही आठवायचं नाही.

म्हणजे पंधरा दिवसांचं औषध तीन वर्षं चालणं ही फक्त दिंडोरीची गोष्ट नाही. जगभर हेच झालं.

मग यात डिप्रेशनची गोळी कुठून आली?

यामागे तीन वेगवेगळी कारणं आहेत. ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

पहिलं कारण, मूळ दुखणं. झोप उडणं हा बऱ्याचदा स्वतंत्र आजार नसतो. पहाटे तीनला जाग येणं, परत झोप न लागणं, सकाळी उठावंसं न वाटणं, भूक मरणं, कशात रस न राहणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. सतत काळजीचा आजार असला तरी झोप जाते. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर लक्षण दबतं, आजार तसाच राहतो. इथे डिप्रेशनची गोळी म्हणजे झोपेच्या गोळीची बदली नाही. जो इलाज पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता, तो तीन वर्षांनी सुरू होतोय, एवढंच.

दुसरं कारण, गुंगी. अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ट्राझोडोन ही डिप्रेशनची औषधं अशी आहेत की त्यांनी झोपही येते. म्हणून ती कमी डोसमध्ये झोपेसाठी दिली जातात. बेंझोडायझेपिनसारखी सवय त्यांची लागत नाही. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं, सकाळची सुस्ती असे त्रास असतात. वयस्कर पुरुषाला अमिट्रिप्टिलिनने लघवी अडकू शकते आणि हृदयाचा आजार असेल तर ते जपूनच द्यावं लागतं. ट्राझोडोन तर फक्त निद्रानाशासाठी वापरू नये, असं अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शिकेत सुचवलं आहे.

तिसरं कारण, सोडतानाचा आधार. झोपेची गोळी कमी करताना जी भीती उसळते ती थोडी आवाक्यात राहावी, म्हणून डिप्रेशनचं औषध आधी सुरू करून ठेवायचं. हे कितपत जमतं याचे अभ्यास झालेत.

अभ्यास काय सांगतात?

2000 साली अमेरिकेत कार्ल रिकल्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सततच्या काळजीचा आजार असलेले आणि वर्षानुवर्षं बेंझोडायझेपिन घेणारे 107 रुग्ण त्यात होते. काहींना इमिप्रामिन हे डिप्रेशनचं जुनं औषध दिलं, काहींना बस्पिरोन हे काळजीवरचं औषध आणि काहींना नुसती औषध नसलेली गोळी. झोपेची गोळी कमी करण्याआधी चार आठवडे ही औषधं चालू ठेवली होती. शेवटी इमिप्रामिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 83 टक्के लोकांना गोळी सोडता आली. बस्पिरोनवाल्यांमध्ये 68 टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये 37.5 टक्के.

आकडे वाचून वाटेल, मिळाला की इलाज. पण थांबा. नेदरलँड्समध्ये डिप्रेशन असलेल्या आणि बेंझोडायझेपिन घेणाऱ्या रुग्णांवर पॅरोक्सेटिन वापरून बघितलं. 2001 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात गोळी सुटण्याच्या बाबतीत पॅरोक्सेटिनने म्हणावा असा फरक पडला नाही.

मग 2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेने असे सगळे अभ्यास एकत्र मांडले. वेगवेगळ्या औषधांचे 38 अभ्यास, 2,543 रुग्ण. निष्कर्ष असा निघाला की काही औषधांनी फायदा होत असावा असं दिसतं, त्यात डिप्रेशनची काही जुनी औषधंही आहेत. पण पुरावा इतका कच्चा आहे की कुठल्याही एका औषधाचं नाव ठामपणे घेता येत नाही.

थोडक्यात काय, तर डिप्रेशन किंवा काळजीचा आजार खरोखर असेल तर डिप्रेशनच्या गोळीला मोठा अर्थ आहे. तो नसेल, तर फक्त सवय सोडवणारी जादूची गोळी म्हणून तिच्याकडे बघता येणार नाही. आणि दोन्ही प्रसंगात झोपेची गोळी हळूहळूच उतरवावी लागते, कारण डिप्रेशनची गोळी ती रिकामी जागा भरत नाही. एस्सिटालोप्रामसारखं औषध सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर काम करतं, 'गाबा'च्या ब्रेकवर नाही. त्यामुळे ते चालू असतानाही झोपेची गोळी एकदम तोडल्यावर फिट येऊ शकते.

वर आणखी एक गोष्ट. ही गोळी पहिल्या दिवशी काम सुरू करत नाही. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि सुरुवातीचे काही दिवस बेचैनी वाढू शकते. काकांनी नेमक्या याच दिवसांत झोपेची गोळी तोडली होती. अंगावर दोन्हीकडून आलं.

एकाच गोळीत दोन गोळ्या

आता आपल्या देशातली एक वेगळी अडचण. घरात डिप्रेशनची किंवा टेन्शनची गोळी चालू असेल तर ते पाकीट हातात घ्या आणि नावाखालचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच पाकिटांवर दोन नावं दिसतील, 'एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम'. म्हणजे एकाच गोळीत डिप्रेशनचं औषध आणि झोपेच्या गोळीच्या घराण्यातलं औषध.

सुरुवातीचे दोन-चार आठवडे ही जोडी देण्यामागे तर्क आहे. डिप्रेशनचं औषध लागू पडेपर्यंत क्लोनाझेपामने आराम मिळतो. पण पुढे क्लोनाझेपाम काढायचं असतं आणि डिप्रेशनचं औषध काही महिने चालू ठेवायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असतील तर एक काढून दुसरं ठेवणार कसं? गोळी अर्धी केली तर दोन्ही अर्धी होतात. मग रुग्ण वर्षानुवर्षं तीच गोळी घेत राहतो आणि अभिमानाने सांगतो, "मी झोपेची गोळी घेत नाही, टेन्शनची घेतो."

याचा जुना नमुना म्हणजे अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइडची जोडी. आणि सर्वात छुपा प्रकार पोटाच्या औषधांमध्ये सापडतो. पोटात मुरडा, गॅस, आतड्याचा त्रास यासाठी क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड असलेल्या गोळ्या लिहिल्या जातात. घेणाऱ्याला वाटतं पोटाची गोळी आहे. ती बंद केली की झोप का उडते, हे कोडं त्याला सुटत नाही.

कायदा आहे, मग मेडिकलमध्ये मिळते कशी?

कायदा कडक आहे. यातली बहुतेक औषधं 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या मनोविकारी द्रव्यांच्या यादीत आहेत. शिवाय 1 मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-वन' लागू झालं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम त्यात आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची.

पण यादीतच एक फट आहे. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम या एच-वन यादीत मुळात नव्हती. त्यांना चिठ्ठी लागतेच, पण ती साध्या 'शेड्यूल एच'मध्ये होती. एकाच घराण्यातल्या भावंडांना दोन वेगळे नियम.

नाशिक जिल्ह्याला या गोळीचा दुसरा चेहराही माहीत आहे. मालेगावातली 'कुत्ता गोळी' बातम्यांमध्ये सारखी येते, ती बहुतेक वेळा हीच अल्प्राझोलाम असते. नशेसाठी विकली जाणारी. पोलीस छापे टाकतात, साठे पकडतात. हे व्हायलाच हवं. पण त्यातून लोकांच्या डोक्यात एक समज पक्का होतो, की या गोळीचं व्यसन म्हणजे टवाळ पोरांचा विषय. माजघरात रात्री साडेनऊला पाण्याबरोबर तीच गोळी घेणारी आजी त्यात कुणाला दिसत नाही.

ती सरकारी आकड्यातही दिसत नाही. 2019 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण आलं. त्यात 10 ते 75 वयोगटातले 1.08 टक्के लोक, म्हणजे सुमारे 1.18 कोटी, गुंगीची औषधं घेतात असं निघालं. अशा लोकांची संख्या सर्वात जास्त असलेल्या पाच राज्यांमध्ये महाराष्ट्र आहे. पण हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, उपचाराबाहेर घेणाऱ्यांचा आहे. चिठ्ठीने सुरू झालेली आणि चिठ्ठीनेच चालू राहिलेली सवय त्यात मोजलेलीच नाही.

आणि म्हणूनच नुसतं मेडिकल बंद करून प्रश्न सुटत नाही. उद्या तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाने चिठ्ठीशिवाय गोळी देणं थांबवलं, तर नवीन माणूस सवयीपासून वाचेल. पण पाच वर्षं घेणाऱ्याची गोळी एका दिवसात तुटेल. ती हळूहळू उतरवून देणारं कुणीतरी त्याच्यासाठी असायला हवं.

ते कुणीतरी कुठे आहे?

म्हसरूळला दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातले डॉक्टर ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते. तिथून पुढे दिंडोरी गाव वीसेक किलोमीटर. पण अंतर रस्त्याचं नसतं, डॉक्टरांच्या संख्येचं असतं.

2023-24 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशात लाख लोकांमागे 0.75 मानसोपचारतज्ज्ञ होते. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी लाखामागे 3 ची. दिंडोरी तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच तीन लाखांच्या वर होती. म्हणजे देशाच्या सरासरीने या तालुक्याच्या वाट्याला दोन-अडीच तज्ज्ञ येतात, हवेत नऊ. आणि ही सरासरीसुद्धा फसवी, कारण मानसोपचारतज्ज्ञ शहरात बसतात. मनोरुग्णालयं म्हणाल तर राज्याची जुनी चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. व्यसनमुक्तीसाठी पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' आहे. पण झोपेची गोळी घेणारी आजी 'व्यसनमुक्ती केंद्र' या पाटीखालून आत जायला तयार होईल का, हा प्रश्न उरतोच.

त्यात गोळी उतरवायला एक भेट पुरत नाही. 2025 मध्ये अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने इतर संघटनांसोबत याची मार्गदर्शिका काढली. त्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के डोस कमी करायचा विचार करावा आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांपेक्षा जास्त कधी कमी करू नये, असं आहे. म्हणजे हे काम महिन्यांचं, कधी वर्षाचं. आता छाटणीच्या किंवा खुड्याच्या दिवसांत मजुरांना बागेत सोडून दर पंधरा दिवसांनी नाशिकला कोण जाणार?

म्हणून माणूस दोनच टोकं निवडतो. एकतर गोळी चालू ठेवतो, नाहीतर एकदम तोडतो.

मग सुटते कशी?

इथे दोन अभ्यास बघण्यासारखे आहेत आणि दोन्हींमध्ये नवीन औषध दिलेलं नाही.

पहिला कॅनडातला, 2014 सालचा. क्यूबेक प्रांतातले बेंझोडायझेपिन घेणारे 303 वयस्कर लोक. त्यातल्या निम्म्यांना औषध दुकानांमार्फत एक छोटी पुस्तिका पाठवली. गोळीचे धोके काय, ती हळूहळू कशी उतरवायची आणि आपल्या डॉक्टरांशी कसं बोलायचं, एवढंच त्यात होतं. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी 27 टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली. न मिळालेल्यांमध्ये फक्त 5 टक्के.

दुसराही कॅनडातलाच, 2004 सालचा, झोपतज्ज्ञ चार्ल्स मोरिन यांचा. त्यांनी 76 वयस्कर रुग्णांचे तीन गट केले. नुसती गोळी हळूहळू उतरवली त्यात 48 टक्के लोकांची सुटली. नुसतं झोपेचं प्रशिक्षण दिलं त्यात 54 टक्के. दोन्ही एकत्र केलं त्यात 85 टक्के.

झोपेचं प्रशिक्षण म्हणजे काय? रात्री कधीही झोप लागली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, परत पेंग आली की यायचं. दुपारची झोप बंद. संध्याकाळनंतर चहा नाही, अंथरुणात मोबाईल नाही. अंथरुणातला वेळ सुरुवातीला मुद्दाम कमी करतात, म्हणजे झोप सलग होते. फिटचा किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी हे शेवटचं डॉक्टरांना विचारूनच करायचं. जुन्या निद्रानाशावर आधी हे प्रशिक्षण द्या, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलं आहे.

यातलं बरंचसं काम तालुक्यातला एमबीबीएस डॉक्टर, समुपदेशक, अगदी प्रशिक्षण मिळालं तर मेडिकलवालासुद्धा करू शकतो. डोस ठरवायला तज्ज्ञ, पाठपुरावा करायला गावातला माणूस. दिंडोरीसारख्या तालुक्यात ही साखळी जुळली तर नाशिकच्या फेऱ्या वाचतील.

घरात कुणी ही गोळी घेत असेल तर

एक. आज वाचलं म्हणून आजच गोळी बंद करू नका. कुणाची लपवू नका, फेकू नका. एकदम तोडणं हे चालू ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं.

दोन. सगळी पाकिटं, पोटाच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. किती दिवसांपासून घेतोय आणि खरा डोस किती, हे लाज न बाळगता सांगा. दारू चालू असेल तर तेही सांगा, कारण दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावू शकतो.

तीन. डिप्रेशनची गोळी लिहून दिली तर तीन प्रश्न विचारा. ही माझ्या कुठल्या आजारासाठी आहे? फरक पडायला किती दिवस लागतील? आणि जुनी गोळी कुठल्या तारखेला किती कमी करायची? उत्तर कागदावर लिहून घ्या. ही गोळीही पुढे एकदम बंद करायची नसते, चक्कर, मळमळ, चिडचिड असा तिचाही त्रास होतो.

चार. फिट आली, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा जीव द्यायचं बोलायला लागला, तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाईन 14416 वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446.

आता काकांकडे परत येऊ. त्यांना दिलेली गोळी चुकीची नव्हती. चुकली ती जोडीची माहिती. "ही गोळी त्या गोळीच्या जागी नाही, ही चालू ठेवून ती महिन्याभरात थोडीशीच कमी करायची आणि मधल्या काही रात्री वाईट जातील," एवढं एक वाक्य कुणी त्यांना आणि मुलाला सांगितलं असतं, तर ती नवीन गोळी कचऱ्यात गेली नसती. पंधरा दिवसांची चिठ्ठी लिहिताना सोळाव्या दिवसाचं काय, हे विचारायची सवय आता डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला आणि आपल्याला, तिघांनाही लावून घ्यावी लागेल.